गल्याथ पडण्याआधीची गोष्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय मुख्याध्यापक, माझे जुने सहकारी आणि माझ्या मुलांनो,

तुमच्यातल्या कित्येकांचे केस पिकले, काहींना नातवंडं झाली, तरी ‘मुलांनो’ याखेरीज दुसरा शब्द तोंडी येत नाही. संयोजकांनी विषय दिला आहे, ‘बायबलमधल्या गोष्टींतून धैर्य आणि नेतृत्व’. तुमचा नीतिशिक्षणाचा तास मी घेत असे. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी सगळी मुलं एकाच बाकावर बसत. म्हणून गोष्ट सांगायची ती सगळ्यांची म्हणून, एवढं पथ्य मी पाळलं.

दावीद आणि गल्याथाची गोष्ट तुम्हांला फार आवडायची. ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवलेली मुलं वर्गात होती, त्यांना तर ती आपल्या शेतातलीच वाटे. पण गल्याथ पडला की टाळ्या वाजायच्या आणि गोष्ट संपायची. मला थांबायचं असे ते त्याच्या आधी. शौल राजानं दावीदाला आपलं चिलखत घातलं, कमरेला तलवार दिली. दावीदानं ते सगळं उतरवून ठेवलं, कारण त्याला त्याची सवय नव्हती. ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेऊन तो निघाला. राजानं दिलेली वस्तू राजासमोर परत करायची, हे त्या दिवसाचं पहिलं धैर्य. मोठ्यांचं चिलखत आपल्या अंगावर बसत नाही, हे कळणं आणि तसं सांगणं. आईबापांनी निवडलेली शाखा मुलाला झेपत नाही, तेव्हा त्याला हेच धैर्य लागतं.

एस्तेर राणीची गोष्टही तशीच. बोलावणं नसताना राजापुढे जाणाऱ्याला देहदंड होता. राजानं सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचायचा. एस्तेर लगेच निघाली नाही. तिनं आधी स्वतः तीन दिवस उपास केला आणि शहरातल्या आपल्या लोकांनाही करायला सांगितला. भीती वाटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मुलांना या गोष्टीतून चटकन कळतं. भीती वाटत असताना सोबत मागावी, हेही कळतं.

सगळ्यांत कठीण तास इब्री सुइणींचा. जन्मलेला मुलगा मारून टाका, असा फारोचा हुकूम होता. शिप्रा आणि पुवा या दोघींनी तो मानला नाही. जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितलं, इब्री बाया आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात. यावर सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला : “बाई, मग त्या खोटं बोलल्या. आम्ही बोललो तर शिक्षा, आणि त्यांना शाबासकी का?” मी उत्तर दिलं नाही, प्रश्न वर्गापुढे ठेवला. दोन तास वाद चालला. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आपण मार चुकवायला खोटं बोलतो. त्या दुसऱ्याचं बाळ वाचवायला बोलल्या.” सगळ्यांना ते पटलं असं नाही, आणि पटायला हवं असंही नाही. पण हुकूम आला तरी आपण त्याचा विचार करायचा असतो, हे त्या दिवशी वर्गानं शिकलं. मग मी त्यांना एवढंच दाखवलं की त्या गोष्टीत फारोचं नाव दिलेलं नाही, सुइणींची नावं मात्र दिली आहेत.

आता नेतृत्व. मुलांना वाटतं पुढारी म्हणजे मोठा आवाज. म्हणून मी नहेम्या शिकवत असे. यरुशलेमचा पडका तट बांधायला तो आला आणि आधी रात्री, मोजकी माणसं घेऊन, तट स्वतः पाहून आला. मग कामाची वाटणी झाली. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. त्या यादीत सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. खांदा न लावणाऱ्या तकोवाच्या सरदारांचीही नोंद आहे. तट 52 दिवसांत उभा राहिला. नहेम्या 12 वर्षं सुभेदार होता, पण लोक आधीच पिचलेले, म्हणून सुभेदाराच्या हक्काचा भत्ता त्यानं घेतला नाही.

आपल्याकडेही असं माणूस होऊन गेलं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली आणून केडगावला आसरा दिला. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते छापण्याचं काम तिथल्या मुलींच्या हातून झालं. 1922 मध्ये बाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

मुलांनो, तुमच्यातले पुष्कळजण आज खुर्चीवर आहात, म्हणून शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. तोच दावीद पुढे राजा झाला आणि त्यानं घोर अन्याय केला. नाथान संदेष्टा आला, गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, आणि तो अन्यायी तूच, असं राजाला तोंडावर म्हणाला. नाथानाचं धैर्य मोठंच. पण राजानं चूक कबूल केली आणि नाथानाच्या केसालाही धक्का लावला नाही. तुमच्या कचेरीत, दुकानात, घरात असा एखादा नाथान बोलू शकतो का, एवढं पाहा.

आणि घरी पोरांना गोष्ट सांगाल तेव्हा शेवटाआधी थांबा. “तू असतास तर काय केलं असतंस?” असं विचारा, आणि उत्तराची वाट पाहा.

सगळ्यांना आशीर्वाद. नमस्कार.