जहाजावरील इंजिनियर



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दगडावर कोरलेले अनेक लेख आहेत. त्यांपैकी दोघांचे स्मरण आज करावयाचे आहे. एक तमिळ भाषेतील आहे. राजेंद्र चोळाने इ. स. १०२५ च्या सुमारास समुद्रापलीकडील श्रीविजयाच्या राज्यावर आरमार धाडले आणि एकामागून एक स्थळे जिंकली. त्या स्थळांची नावे त्यात ओळीने दिलेली आहेत. दुसरा लेख आपल्या मराठीतील. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले कुलाचा सविस्तर इतिहास तेथे कोरवून घेतला. या लेखांत राजे आहेत आणि त्यांचे पराक्रम आहेत. परंतु ज्या गलबतांनी चोळांचे सैन्य बंगालचा उपसागर ओलांडून नेले, त्यांच्या फळ्यांच्या सांधी कोणी बुजविल्या, वाटेत मोडलेले सुकाणू कोणी सांधले, याविषयी दगड मुका आहे. जहाज चालते ठेवणाऱ्या माणसाचे नाव सहसा कोठे कोरले जात नाही. त्या माणसाचा आजचा वारस म्हणजे व्यापारी जहाजावरील इंजिनियर. त्याच्या पेशाविषयी चार गोष्टी सांगाव्या असा मानस आहे.

तंजावर म्हटले की कावेरी, भाताची शेते, वीणा आणि सरस्वती महाल ग्रंथालय डोळ्यांपुढे येते. समुद्र येत नाही. वास्तविक नागपट्टणमचे प्राचीन बंदर १९९१ सालापर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते. आजही जिल्ह्याची कड पाल्कच्या उपसागराला लागते. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधविलेला ‘मनोरा’ हा आठ मजली बुरूज त्या किनाऱ्यावर उभा आहे. समुद्रापलीकडून येणाऱ्या विद्येचे या राजाला मोठे कौतुक होते. तिच्यासाठी त्याने ग्रंथ आणविले आणि १८०५ साली तंजावरात देवनागरी मुद्रणालयही स्थापन केले. परंतु हा उपसागर उथळ आहे. मुंबईहून चेन्नईस जाणारे मोठे जहाज लंकेला वळसा घालून जाते, या किनाऱ्यावरून नव्हे. त्यामुळे तंजावरच्या तरुणाला, मग तो तमिळ घरातील असो वा तेथे साडेतीन शतके नांदणाऱ्या मराठी घरातील असो, कोळ्यांची होडी दिसते. महासागरावरचे जहाज आणि त्याच्या पोटातील कारखाना दिसत नाही. सातारा-सोलापूरच्या तरुणाचीही गोष्ट याहून निराळी नाही.

तो कारखाना केवढा असतो? मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन तीनचार मजली घराएवढे उंच असते. त्याची गती मात्र संथ. मिनिटाला शंभराच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी फेरे. त्याला लागणारे जड तेल थंडपणी डांबरासारखे घट्ट असते. ते शुद्ध करून, शंभर अंशांच्या वर तापवून मगच इंजिनात सोडावे लागते. इंजिन थंड राखणाऱ्या पाण्यातील उष्णता वाया न घालविता तिच्यावर समुद्राच्या पाण्याची वाफ करतात आणि त्यातून गोडे पाणी मिळवितात. याखेरीज वीज, सुकाणू हलविणारे यंत्र, शीतगृह, पंप, बाष्पपात्र हा सारा पसारा इंजिनियरांकडेच. चीफ इंजिनियर सर्वांचा प्रमुख. रूढ पद्धतीप्रमाणे सेकंड इंजिनियर चार ते आठ, थर्ड बारा ते चार आणि फोर्थ आठ ते बारा असा दिवसातून दोनदा पहारा करतो. आता पुष्कळ जहाजांवर रात्री इंजिनघरात कोणी नसते. काही बिघडले तर धोक्याची घंटा पाळीच्या इंजिनियरच्या खोलीत वाजते. झोप मात्र पूर्वीइतकीच सावध ठेवावी लागते.

जमिनीवरच्या कारखान्यात यंत्र अडले की जाणत्याला बोलावता येते, सुटा भाग बाजारातून आणता येतो. भर समुद्रात तो मार्ग बंद असतो. जे भांडारात आहे आणि जे आपल्याला येते तेवढ्यावरच निभवायचे. म्हणून चांगला इंजिनियर आकड्यांच्या तबकड्यांवर विसंबून राहत नाही. पंपाचा आवाज बदलला, बेअरिंगला हात लावताच ऊब अधिक वाटली, तेलाचा वास निराळा आला, तर तबकडी बोलण्यापूर्वी त्याला ते कळते. ग्रंथातली विद्या हातात, कानात आणि नाकात उतरावी लागते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा त्याचा एकही इंजिनियर वाचला नाही. परंतु जहाज पाण्याखाली जाण्याच्या काही मिनिटे आधीपर्यंत त्याचे दिवे जळत होते.

आपल्या लोकांना ही जागा सहज मिळालेली नाही. आगबोटींच्या काळात कोकणातले खलाशी डेकवर राबले, देशाच्या इतर भागांतले आगवाले भट्टीत कोळसा टाकीत राहिले. इंजिनियरचा अधिकार बहुतेक गोऱ्यांकडे असे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ हे शिक्षणनौकेचे काम करू लागले आणि १९४९ साली मुंबई व कलकत्ता येथे नौकाभियांत्रिकीच्या शिक्षणाची स्वतंत्र शासकीय व्यवस्था झाली. २००८ साली भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय चेन्नई, म्हणजे तंजावरपासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेतलेल्यांना प्रवेशपरीक्षेनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि यंत्र-अभियांत्रिकीच्या पदवीधरांना एक वर्षाचा. त्यापुढे जहाजावरील प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षेच्या पायऱ्या चढत चीफ इंजिनियरच्या प्रमाणपत्रापर्यंत जाता येते. ही वाट मुलींनाही खुली आहे.

आता या पेशाची किंमत सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती नसते. एका खेपेस साधारणपणे चार ते सहा महिने घरापासून दूर राहावे लागते. त्या काळात घरी बारसे होते, लग्न होते, प्रसंगी वडीलधाऱ्या माणसाचे शेवटचे दर्शनही हुकते. २०२० साली साथीमुळे बंदरे बंद झाली, तेव्हा करार संपूनही जगभरातील सुमारे चार लाख नाविक जहाजांवरच अडकून पडले. २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती हा नाविकाचा हक्क आहे. भारताने तो करार २०१५ साली मान्य केला. परंतु इंजिन बिघडले असता हक्काची झोप स्वतःच बाजूला ठेवावी लागते. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे दलालही या वाटेवर भेटतात. नोकरीबद्दल नाविकाकडून मोबदला घेणे नियमबाह्य आहे. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना पाहिल्यावाचून कोणाच्याही हाती रुपया ठेवू नये.

सर्वांत मोठी कसोटी मात्र निराळीच आहे. इंजिनघराच्या तळाशी तेलमिश्रित पाणी साठते. ते समुद्रात सोडताना दहा लाख भागांत पंधरा भागांहून अधिक तेल असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रात्रीच्या अंधारात नियम चुकवून ते परस्पर सोडणे सोपे असते, आणि ते पाहणारे तेथे कोणी नसते. अशा लबाडीसाठी चोरनळ्या जोडणारे इंजिनियर परदेशी न्यायालयांत उभे राहिलेले आहेत. तेलाच्या नोंदवहीत खरे लिहायचे की खोटे, हा निर्णय एकट्याने, कोणाच्या साक्षीवाचून करावा लागतो. ज्याचे नाव कोणी ओळखत नाही, त्याची सही तेवढी त्या वहीत असते. ती सही खरी असली तर समुद्र स्वच्छ राहतो आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी येते.

जहाजांची इंधने बदलत आहेत. जड तेलाच्या जागी नैसर्गिक वायू आणि मिथेनॉल येऊ लागले आहे, अमोनियाचे प्रयोग चालू आहेत. आजचा शिकाऊ चीफ होईल तेव्हा त्याचे इंजिन निराळे असेल. सावध कान आणि प्रामाणिक वही मात्र त्यालाही लागेल. तंजावरच्या, किंवा अन्य कोणत्याही गावच्या, तरुणाने हा पेशा पगाराच्या आकड्यावरून निवडू नये. कोणी पाहत नसतानाही काम नीट करण्यात ज्याला समाधान वाटते, त्याने तो अवश्य निवडावा. आणि घरच्यांनी त्याला निरोप देताना एवढे ध्यानात ठेवावे की त्यांच्या स्वयंपाकघरातले तेल आणि चुलीतला गॅस यांचा बराच भाग अशाच कोणा अनाम माणसाच्या जागरणामुळे या देशाच्या बंदराला लागतो.