बांधावरची मजुरी



मे महिन्यात पाण्यावर बोलायचं असलं की वक्त्याला प्रास्ताविक करावं लागत नाही. तुमच्यापैकी काहींच्या नळाला आज पाणी आलं असेल, बाकीच्यांच्या उद्या येईल. पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि त्या वर्षी पवना धरण काठोकाठ भरलं होतं. म्हणजे त्यात वितरणाचा, गळतीचा, वाढत्या वस्तीचा भाग मोठा आहे. तो पालिकेतल्या अभियंत्यांचा विषय, त्यात मी शिरत नाही. शहर जिथून पवनेचं पाणी उचलतं त्या रावेतच्या बंधाऱ्यापासून मला आज उलट, वरच्या अंगाला जायचं आहे.

आपल्या शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर, लोणावळ्याच्या डोंगरात, तो चार हजारांच्या वर जातो. ही पाच-सहा पटींची तफावत हेच या शहराचं भांडवल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, बजाज आली, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. या सगळ्यांची तहान सह्याद्रीच्या त्या पावसावर भागली. मावळ तालुक्यातल्या पवना जलाशयाभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना उभे आहेत. आपण रविवारी तिथे जातो, गडाचे फोटो काढतो. गडाच्या पायथ्याची भातखाचरं त्या फोटोत येतात ती पार्श्वभूमी म्हणून.

त्या खाचरांत काय घडतं ते थोडं सावकाश सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. सह्याद्रीचा उतार म्हणजे काळा पाषाण आणि त्यावर मातीचा पातळ थर. जुलैतल्या जोरदार सरीखाली ही माती उघडी पडली तर ती तिथे थांबत नाही. मावळातल्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी उताराला पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येक पायरीला बांध घातला. एका एकराच्या खाचरात चार इंच पाणी उभं राहिलं तर ते चार लाख लिटर भरतं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, तिथून आणखी खालच्यात. वाटेत गाळ बसतो, पाण्याचा वेग मोडतो, थोडं पाणी जमिनीत मुरतं. चिखलणीमुळे तळ घट्ट झालेला असतो, त्यामुळे मुरणं फार नसतं, हे खरं. पण गाळ अडतो तो मात्र भरपूर, आणि जो खाचरात अडला तो धरणात जात नाही. धरणातला गाळ काढायला काय खर्च येतो, ते पाटबंधारे खात्यातल्या कुणालाही विचारा.

हे यंत्र आपोआप चालत नाही. खेकडे बांधाला बिळं पाडतात, त्यातून पाणी झिरपतं आणि एका रात्रीत खांड पडते. खांड वेळेत बुजवली नाही तर खालच्या तीन खाचरांची माती घेऊन पाणी जातं. म्हणून पावसाआधी बांध धरायचे, भर पावसात इरलं किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन फेरी मारायची, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायकांनी कमरेतून वाकून चिखलात उभं राहायचं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा पोरं खाचरात उतरतात, तेवढीच यातली मौज. हे सगळं शेतकरी आपल्या भातासाठी करतो. इंद्रायणी हे वाण याच तालुक्यातलं, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं, १९८७ सालचं. त्याचा वास आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि त्याचे पैसे आपण देतो. बांधाचे देत नाही. ते कोणत्याच पावतीवर नसतात.

अडचण अशी की भात पिकवणं आणि बांध राखणं या दोन्ही कामांचा पगार एकाच भाताच्या पोत्यातून निघायचा असतो, आणि आता तो निघत नाही. चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराला दोन महिन्यांत जे मिळतं ते बापाला अख्ख्या हंगामात मिळेलच असं नाही. पोरगा आवणीला चार दिवसांची रजा काढून येतो. बांध धरायला येत नाही, कारण त्यासाठी रजा मिळत नाही. मग एखादा तुकडा पडीक राहतो, पुढे विकला जातो, जेसीबी उतार कापते आणि तिथे जलाशयाकडे तोंड केलेला बंगला उभा राहतो. मी कुणाला दोष देत नाही. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही चाकणलाच गेलो असतो.

डोंगरशेतीची आरती ओवाळायला मी उभा नाही. रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे रोपाची जागा पालापाचोळ्याने भाजायची आणि त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या. त्यावर डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्री भातलागवडीत तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला असा पर्याय दिला, तो आणखी पसरायला हवा. भरल्या खाचरातून मिथेन निघतो, तेही मान्य. आणि ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण डोंगराखाली गेलं, दीडशे माणसं गेली, त्यानंतर पडकईवर बरीच चर्चा झाली. पडकई म्हणजे उन्हाळ्यात गावाने एकत्र येऊन हातांनी उताराची खाचरं पाडणं. तेच काम यंत्राने, उताराचा विचार न करता झालं की काय होऊ शकतं, हा त्या चर्चेचा मुद्दा होता. मूळ कारण अतिवृष्टी. पण हाताने पाडलेली पायरी आणि यंत्राने कापलेला डोंगर यांत फरक आहे, आणि तो राखायचा तर हातांना काम परवडलं पाहिजे.

डोंगरातल्या या लोकांकडून आपण आजवर काय घेतलं? १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो टाटांच्या वीजधरणाविरुद्ध. जमिनी पाण्याखाली गेल्याच. पवना धरणग्रस्तांपैकी अनेकांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात बऊरजवळ, पवना धरणातून शहराकडे यायच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. नदीतून वाहणारं पाणी काठच्या गावांनाही मिळतं, नळातून गेलेलं मिळत नाही, एवढा साधा त्यांचा मुद्दा होता. आता आंद्रा आणि भामा आसखेड धरणांचं पाणी शहराच्या वाट्याला आहे, म्हणजे पवन मावळानंतर आंदर मावळ आणि खेडचा डोंगर.

न्यूयॉर्कची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. त्या शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगरी खोऱ्यांतून येतं. तिथेही धरणांसाठी गावं बुडवली होती, तिथेही राग होता. १९९० च्या सुमारास शहराने शेतकऱ्यांवर कडक नियम लादायचा प्रयत्न केला तेव्हा तो राग उसळला. पाणी गाळण्याचा कारखाना उभारायचा तर अब्जावधी डॉलर लागणार होते. शेवटी बोलणी झाली आणि करार झाला. शेणाचे खड्डे, ओढ्याकाठची कुंपणं यांचा खर्च शहराने उचलायचा, शेती शेतकऱ्यानेच करायची, आणि सहभाग ऐच्छिक. परदेशाचं उदाहरण नको असेल तर हिमाचलात पालमपूरच्या नगरपरिषदेने बोहलच्या झऱ्यासाठी २०१० साली वरच्या गावांशी असाच छोटा करार केला.

आपला हिशेब करून पाहू. शहर पवनेतून दिवसाला सुमारे पन्नास कोटी लिटर उचलतं. हजार लिटरमागे पंचवीस पैसे बाजूला काढले तर दिवसाला सव्वा लाख रुपये, वर्षाला साडेचार कोटींच्या वर. यातलं बरंचसं पाणी गळतं आणि काहीचं बिल निघत नाही, म्हणून निम्मे धरा. तरीही बांधांच्या डागडुजीसाठी आज पालिका जे देते त्याहून ते खूपच जास्त आहे, कारण माझ्या माहितीत तशी तरतूदच नाही. चाकणच्या कारखान्यांनी आपला सामाजिक दायित्व निधी वृक्षारोपणाच्या फोटोंऐवजी इकडे वळवला तर आणखी बरं.

मात्र पैसे कुणाच्या हातात द्यायचे, यावर योजना बुडू शकते. सात-बाऱ्यावरच्या नावाला दिले तर ते बंगलेवाल्यांकडे जातील, कारण मावळातली बरीच जमीन आता बाहेरच्यांच्या नावावर आहे आणि कसणारा वेगळाच आहे. म्हणून पीकपाहणीत ज्याचं भात उभं दिसेल त्याला द्यावेत, यादी ग्रामसभेने करावी आणि ती चावडीवर लावावी. त्यात घरातल्या बाईचं नाव आधी असावं, कारण चिखलात ती उभी असते. आणि बांधाची पाहणी ऑगस्टात, खाचर भरलेलं असताना करावी. कोरड्या मे महिन्यात पाहायला गेलात तर प्रत्येक बांध धडच दिसतो.