घरातली पहिली मोटार



मोटार घेण्यावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कोणास वाटले तर नवल नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण गेट मीटिंगमध्ये आणि करारांच्या कागदांत झाले. पण हल्ली कराराचा फरक हाती पडला की सभासद मोटारीचा हिशेब घेऊन युनियनच्या कचेरीत येतात.

गेल्या दिवाळीनंतर पिंपरीचा एक फिटर आला. वीस वर्षे मोटारींच्या ब्रेकचे भाग जुळवतो आहे, स्वतःची मोटार नाही. म्हणाला, "दादा, महिना फक्त 9,653 रुपये. घेऊन टाकू ना?"

आम्ही म्हटले, "किती महिने रे?"

ते त्याला सांगता येईना. कागद पाहिला. सहा लाखांचे कर्ज, दरसाल दर शेकडा 9 व्याज, मुदत 7 वर्षे. पेन्सिलीने गुणाकार केला, तो व्याजच दोन लाख दहा हजारांवर! तेच कर्ज 5 वर्षांत फेडले तर हप्ता 12,455 रुपये होतो, पण व्याज दीड लाखाच्या आत राहते. त्रेसष्ट हजारांचा फरक. याहून कमी रकमेसाठी आम्ही फाटकावर मांडव घालून बसलो आहोत.

जाहिरातीत असते ती शोरूमची किंमत. रस्ताकर, नोंदणी, विमा त्यावर. मालक सीटीसी सांगतो आणि हातात कमी पडते, त्याचीच ही उलटी बाजू. त्या कागदावर 'हँडलिंग' नावाचेही एक कलम होते. कशाचे, हे विक्रेत्याच्या माणसालाही सांगता येईना. खोदून विचारल्यावर ते गळाले. विमाही विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. तृतीय पक्षाचा विमा मात्र 2018 पासून नव्या मोटारीला एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो.

एके काळी ही डोकेदुखी नव्हती. अँबॅसडर नाहीतर कुर्ल्याची फियाट. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटू लागले. आता निवड इतकी की माणूस आतल्या पडद्याच्या आकारावरून मोटार ठरवतो.

फिटरच्या मुलाला सनरूफ हवे होते. आम्ही विचारले, धडक दिल्यावर तिचे काय होते ते पाहिलेस का? 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची तपासणी सुरू आहे. ती ऐच्छिक आहे, म्हणून सगळ्या मोटारींना तारे मिळालेले नसतात, हेही सांगितले. बाप गप्पच होता. जन्मभर ब्रेक जुळवलेला माणूस, त्याला हे आम्ही काय सांगावे! शेवटी म्हातारीला घेऊन सगळे शोरूममध्ये गेले. मुलाच्या पसंतीच्या उंच मोटारीत तिला पाय उचलून बसवावे लागले. ती मोटार तिथेच बाद झाली.

दुसरी अजून घेतलेली नाही. दसऱ्याला घेऊ म्हणतो. जानेवारीपासून तो दरमहा 12,455 रुपये बाजूला टाकून पाहतो आहे. मार्चमध्ये मुलीची फी आली, त्या महिन्याचा हप्ता चुकला.