मधुमेहात औषध केव्हा सुरू करावे?
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

पन्नास वर्षांच्या वाटचालीत संस्थेने धर्माराधनेबरोबर आरोग्याचाही विचार केला, हे सर्वथा उचित आहे. मधुमेहाचे निदान झाले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "गोळी आत्ताच घ्यावी, की पथ्यावर भागेल?" या प्रश्नामागे एक भीती दडलेली असते, की एकदा गोळी लागली म्हणजे ती जन्मभर सुटत नाही.

प्रथम आकडे समजून घेऊ. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह समजावा. लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री करावी. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाची पूर्वावस्था होय. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. त्यामुळे तपासणीपूर्वी दोन दिवस मिठाई सोडून हा आकडा सुधारत नाही.

"मी तर सडपातळ आहे," असे अनेक जण म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा, उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. रविवार कारंजा असो वा मेनरोड, दिवसभर गादीवर बसून व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे उदाहरण विसरू नये.

पूर्वावस्थेत संयम किती उपयोगी पडतो, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पूर्वावस्थेतील ५३१ व्यक्तींपैकी ज्यांनी आहार-व्यायाम पाळला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते २६.४ टक्क्यांनी घटले. म्हणून या टप्प्यावर बहुतेकांनी प्रथम आहार आणि चालणे यांचाच आधार घ्यावा.

प्रत्यक्ष मधुमेह जडल्यावर मात्र हिशेब बदलतो. सामान्यतः निदानाबरोबरच पथ्य आणि औषध दोन्ही सुरू करतात. एचबीए१सी ७.५ च्या आत आहे, लक्षणे नाहीत, हृदय व मूत्रपिंड निरोगी आहेत आणि मनाची तयारी आहे, अशा रुग्णास डॉक्टर तीन, फार तर सहा महिने केवळ पथ्यावर ठेवू शकतात. आकडा ९ च्या वर असेल तर बहुधा दोन औषधे लागतात. १० च्या वर, किंवा साखर ३०० च्या पुढे जाऊन तहान वाढली, वजन उतरू लागले, तर इन्सुलिनचा विचार तत्काळ करावा लागतो. लहान वयातील टाइप-१ मधुमेहात इन्सुलिनला पर्याय नाही. गर्भवतीच्या बाबतीतही अशी महिनोन्‌महिने वाट पाहता येत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट मार्गदर्शक ठरते. नवकारसीला सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची मर्यादा असते. पच्चक्खाण मुदतीसह घेतले जाते. "पाहू, गोड कमी करीन" या म्हणण्याला मुदत नाही, म्हणून तो नियम नव्हे. पथ्याचा नियमही तारीख ठरवून घ्यावा : अमुक दिवशी पुन्हा तपासणी, आणि आकडा न उतरल्यास त्याच दिवशी औषध.

विलंबाची किंमत मोठी आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी काहींची साखर आरंभापासून काटेकोर ठेवली गेली. पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी, २००८ च्या निष्कर्षांत, आरंभी काळजी घेतलेल्यांत हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी आढळले. डोळे आणि मूत्रपिंड यांची हानी गुपचूप होत असते. दुखत नाही, म्हणून थांबणे योग्य नव्हे.

आणि गोळी म्हणजे जन्मठेप नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ब्रिटिश अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्यांनी आहाराच्या बळावर वजन घटविले, तेव्हा ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. ऊणोदरीचे मोल यातून कळावे. परंतु औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावयाचे असते, मनाने सोडावयाचे नसते.

आपल्या समाजासाठी तीन सूचना. पहिली : पर्युषणात उपवास, आयंबिल वा एकासन करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी वा इन्सुलिन चालू असता उपवास केल्यास साखर ७० च्या खाली जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. पच्चक्खाणातही आगार सांगितलेले आहेत. गुरुभगवंतांना विचारून निर्णय घ्यावा. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळच्या औषधाची वेळही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दुसरी : मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटते आणि शाकाहारात ते मुळातच कमी असते, त्याची वेळोवेळी तपासणी करावी. तिसरी : पूर्वी इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढीत, म्हणून काही श्रावक ते नाकारीत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जीवाणू वा यीस्टच्या साहाय्याने तयार होऊ लागले आणि आज तेच प्रचलित आहे.

तप आणि औषध यांत विरोध नाही. गजपंथाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढता याव्यात, वृद्धापकाळी स्वाध्यायासाठी दृष्टी शाबूत राहावी, यासाठी वेळेवर घेतलेली गोळी हाही विवेकच होय. घरी गेल्यावर आपला शेवटचा अहवाल काढा, त्यावरील तारीख पाहा आणि पुढील तपासणीची तारीख आजच लिहून ठेवा.

जय जिनेंद्र!