विभाजनातून वृद्धी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने पेशीविभाजनावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज लहरीपुऱ्यात जमलो आहोत, त्यांनी आम्हांस शास्त्र शिकविले, आणि ते मराठीतून शिकविले. हा आग्रह बडोद्यास नवा नाही. १८९० साली येथे कलाभवन निघाले, तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनीही मातृभाषेतून शास्त्रशिक्षणाचाच पुरस्कार केला होता.

व्यवहारात वाटणी झाली की वाटा घटतो. पेशीत मात्र विभाजन हीच वृद्धी! दुभंगण्यापूर्वी पेशी आपल्या गुणसूत्रांची प्रत करून ठेवते. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती सूक्ष्म तंतूंनी विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात आणि दोन्ही कन्यापेशींना ४६ची पूर्ण शिदोरी मिळते. हे सूत्री विभाजन. केवळ बीजपेशी घडताना ही संख्या निम्मी, म्हणजे २३ होते. मातापित्यांच्या अशा दोन वाट्यांतून नवा जीव पुन्हा ४६ गुणसूत्रे घेऊन येतो.

हे मी हौसेने वाचले नाही. माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. "पेशींची वाढ अनावर झाली आहे," असे डॉक्टरांनी सांगितले. ती मला म्हणाली, "अण्णा, वाढ हा तर आशीर्वादाचा शब्द ना?" मी निरुत्तर झालो. ती गेल्यावर उत्तर शोधू लागलो. निरोगी पेशीला थांबणे ठाऊक असते. विभाजनाच्या वाटेवर तपासणीची ठाणी असतात. प्रत सदोष निघाली तर ती दुरुस्त होते, अन्यथा पेशी स्वतःचा अंत करून घेते. हा संयम सुटला की वाढीचाच रोग होतो.

या शोधात मला डॉ. कमल रणदिवे भेटल्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि परतल्यावर मुंबईत देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण लाभले.

माझ्या बहिणीने गाठ संकोचाने कित्येक महिने लपविली होती. आमच्या घरात शरीराविषयी बोलण्याची रीत नव्हती. गुरुजी मात्र प्रजननाचा पाठ मुलामुलींसमोर, आवाज जराही न उतरविता शिकवीत. त्या निःसंकोचपणाचे मोल मला फार उशिरा कळले. शिक्षकांनो, तो पाठ गाळू नका. भगिनींनो, गाठ लपवू नका.

विद्या देऊन घटत नाही, हे गुरुजींनी आम्हांस आचरणाने दाखविले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.