घोडी विकत घ्यावी की भाड्याने?

आपण शेळी-म्हशीबद्दल नेहमी बोलतो. आज घोडीबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा लग्नात वरातीला घोडी नेण्याचं काम करतो. घोडी दुसऱ्याची, मुलाला नुसती मजुरी. ताईंनी बैठकीत नव्वद हजारांचं कर्ज मागितलं. गटाकडे सगळे मिळून एक लाख दहा हजार होते. मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात एका आजींनी विचारलं, "पावसाळ्यात ती खाणार काय?"

प्रश्न मोलाचा होता. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. घोडीचं पोट काही चातुर्मास पाळत नाही. वैरण रोज लागते, नाल साधारण पाच-सहा आठवड्यांनी बदलावे लागतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला आणि वेळेवर डॉक्टर आले नाहीत, तर जनावर हातचं जातं. मग गटाचे नव्वद हजार कोण भरणार?

म्हणून आम्ही ठरवलं, हंगामापुरती घोडी भाड्याने घ्यायची. डिसेंबर ते मे, महिना पाच हजार. गटाने दोन महिन्यांच्या भाड्यापुरते दहा हजार दिले.

पण चूक झाली. सगळा व्यवहार तोंडी होता. एप्रिलमध्ये मालकाला जास्त पैसे देणारा भेटला आणि तो घोडी घेऊन गेला. ताईंनी चार लग्नांचा इसार घेतलेला, तो परत करावा लागला. तीन महिने हप्ता थकला. ही चूक माझीही होती. कागद करा, असं मीच सांगायला हवं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही करार लिहून घेतला. तुम्हीही एवढं लिहून घ्या: मुदत किती, भाडं किती, मध्येच घोडी परत नेली तर भरपाई काय. वैरण, नाल आणि औषधाचा खर्च कोणाचा. आमची निष्काळजी नसताना घोडी दगावली तर नुकसान कोणाचं. विमा आहे का. दिवसात किती वराती आणि विश्रांती किती. खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. घोडी घेताना आणि परत देताना फोटो काढा.

करार करण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. दातांवरून वयाचा अंदाज येतो, चालवून पाहिलं की लंगडणं कळतं. ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी झाली आहे का, विचारा. हा रोग माणसालाही होतो, आणि तपासणीत निघाला तर जनावर मारावं लागतं.

भाड्याचा तोटाही आहे. कितीही वर्षं भाडं भरलं तरी घोडी आपली होत नाही, शिंगरूही मालकाचं. पण दोन हंगामांत ताईंना खर्चाचा हिशेब कळला, मुलाला जनावराची निगा कळली. गटाचे दहा हजार व्याजासह फिटले. आता ताई स्वतःची घोडी घ्यायचं म्हणताहेत. या वेळी त्यांनी अर्जासोबत चातुर्मासाच्या वैरणीचा हिशेब जोडलाय. आजींनी तो दोनदा वाचून घेतला आणि मान डोलावली.

घोडी असो, म्हैस असो की शिलाई मशीन, आधी विचारा: काम नसेल तेव्हा खर्च कोण करणार? आणि कागद आधी करा, बायांनो. आमचं झालं तसं वरातीमागून घोडं नको.