मीठ, पाणी आणि वजनकांटा
(नभोवाणीवरील भाषण)

मराठी घरांत पान मांडलें कीं त्यावर पहिल्यानें पडतें तें मीठ. भात, वरण, भाजी हीं मागाहून येतात. भाषेंतही मिठाचा मान असाच मोठा आहे. उपकार स्मरणाऱ्यास खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणतात. आणि सौंदर्याला लावण्य हा जो शब्द आहे तो लवण, म्हणजे मीठ, यापासूनच निघालेला आहे. परंतु ज्याचा एवढा मान, तें मीठ पोटांत गेल्यावर पुढें काय करतें, हा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत वजनकांटा आलेला आहे. रात्रीं लग्नाचें जेवण जेवून आलेला गृहस्थ सकाळीं त्यावर उभा राहतो, आणि कांटा कालच्यापेक्षां किलोभर पुढें गेलेला पाहून दचकतो. एका रात्रींत एवढी चरबी आली कोठून? या प्रश्नाचें उत्तर चरबींत नसून बहुधा मिठांत असतें.

हिशेब सोपा आहे. शरीरांत एक किलो चरबी सांठावयाची, तर गरजेहून सुमारें ७,७०० कॅलरी अधिक पोटांत जावयास पाहिजेत. प्रौढ मनुष्याचा दिवसाचा आहार २,००० ते २,५०० कॅलरींचा धरला, तर हें तीन-चार दिवसांचें अन्न झालें. आणि तेंही रोजच्या जेवणाखेरीज. एका पंक्तीस इतकें अन्न खाणें भल्याभल्यांना साधावयाचें नाहीं. आतां पाण्याचा हिशेब पाहावा. रक्त आणि पेशींच्या भोंवतालचा द्रव यांचा खारटपणा निसर्गानें ठरवून दिलेला आहे. रुग्णालयांत शिरेंतून जें सलाईन देतात त्यांत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतें, तें याच प्रमाणास धरून. म्हणजे शरीरांत ९ ग्रॅम मीठ जादा राहिलें, तर तो खारटपणा मूळपदावर ठेवण्यास सुमारें एक लिटर पाणी लागतें; आणि एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. पापड, लोणचें, चटणी, मठ्ठा, मसालेभात यांमधून नेहमीपेक्षां ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, मीठ अधिक गेलें व तें सर्व कांहीं काळ शरीरांत राहिलें, तर अर्ध्या लिटरहून थोडें अधिक पाणी त्याच्या सोबतीस राहतें. त्यांत पोटांतील न पचलेल्या अन्नाचें वजन मिळविलें म्हणजे कांटा कां सरकला याचा उलगडा होतो.

हें पाणी राहतें कोठें? मनुष्यदेहाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. प्रौढ पुरुषाच्या वजनांत तें शेंकडा ६० च्या आसपास भरतें. त्यापैकीं सुमारें दोन तृतीयांश पेशींच्या आंत असतें व एक तृतीयांश बाहेर. आंतल्या पाण्यांत पोटॅशियमचें राज्य असतें, बाहेरच्या पाण्यांत सोडियमचें. मिठांत वजनानें शेंकडा ४० भाग सोडियम असतें. तें पेशींत शिरलें तरी तेथें टिकूं शकत नाहीं, कारण पेशीच्या आवरणावर एक सूक्ष्म पंप अहोरात्र चालू असतो. तो सोडियमला बाहेर काढतो आणि पोटॅशियमला आंत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनीं १९५७ सालीं या पंपाचा शोध प्रसिद्ध केला, आणि त्याबद्दल १९९७ सालीं त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या व्यवस्थेमुळें खाल्लेल्या मिठाचें सोडियम पेशींच्या बाहेरच राहतें. रक्ताचा खारटपणा किंचित् वाढला कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या केंद्रास तें कळतें. मनुष्यास तहान लागते, आणि त्याच वेळीं एक अंतःस्राव मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देतो. पाणी सोडियमच्या मागोमाग जातें. अंगठी बोटांत घट्ट होणें, सकाळीं डोळ्यांखालीं फुगीरपणा दिसणें, संध्याकाळीं पायमोज्याची खूण घोट्यावर उमटणें, हीं कित्येकदां या वाढलेल्या पाण्याचीं लक्षणें असतात.

निरोगी मनुष्यानें याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. त्याचीं मूत्रपिंडें दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवाबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळणींतून खालीं उतरतें, आणि त्यांतील शंभरांपैकीं ९९ भागांहून अधिक परत रक्तांत घेतलें जातें. उरलेला लहानसा अंश मूत्रावाटें जातो, आणि तो अंश खाल्लेल्या मिठाच्या बेताबेतानें कमीअधिक होतो. मात्र हें काम तत्काळ होत नाहीं. मिठाचें मान एकदम बदललें, तर जमाखर्च पुन्हां जुळण्यास कांहीं दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत वजन थोडें चढतें किंवा उतरतें, आणि मग स्थिर होतें. म्हणूनच रोज सारखेंच मीठ खाणाऱ्याचें वजन त्या मिठापायीं रोज वाढत जात नाहीं. आणि मेजवानीचा किलो चार दिवस नेहमीचें जेवण घेतलें कीं आपोआप निघून जातो.

परंतु हा जमाखर्च सांभाळणारा कारकूनच आजारी पडला तर काय होतें, हें पॅरिसच्या एका वैद्यानें प्रथम स्पष्ट दाखविलें. फेर्नां विडाल हे त्यांचें नांव. मूत्रपिंडाच्या विकारानें अंगावर सूज आलेल्या रोग्यांना त्या काळीं दुधावर ठेवण्याची चाल होती, आणि मांसासारखें अन्न त्यांना अपायकारक समजलें जाई. १९०३ सालीं विडाल यांनीं झाव्हाल या सहकाऱ्यासह अशा रोग्याचें अन्न मोजून दिलें व रोज वजन घेतलें. दुधाच्या आहारांत मीठ मिसळलें, तेव्हां वजन चढलें व सूज आली. मांस दिलें पण मीठ काढून घेतलें, तेव्हां वजन उतरलें व सूज ओसरली. दोष मांसाचा नव्हता, मिठाचा होता. त्यांनीं आणखी एक गोष्ट नोंदविली, ती आजही तितकीच मोलाची आहे. सूज डोळ्यांस दिसूं लागण्यापूर्वींच वजन वाढूं लागतें. घोटा फुगलेला नसतो, दाबल्यास खड्डा पडत नाहीं, पण कांट्यानें मात्र चोर पकडलेला असतो.

या गोष्टीचें महत्त्व ज्या घरांत दुबळ्या हृदयाचा वृद्ध आहे त्या घरास कळावयास पाहिजे. हृदयाचा जोर कमी पडला म्हणजे मूत्रपिंडांकडे पुरेसें रक्त पोंचत नाहीं. शरीरांत पाणी कमी आहे अशी त्यांची समजूत होते, आणि तीं मीठ व पाणी धरून ठेवतात. तें पाणी पायांत उतरतें, आणि शेवटीं फुफ्फुसांत येतें. मग रात्रीं उताणें निजवत नाहीं, उशीवर उशी चढवावी लागते, श्वास कोंडतो. अशा वृद्धास डॉक्टरांनीं मीठ कमी करण्यास सांगितलेलें असतें. दोन दिवस अळणी जेवण पुढें येतें, आणि तिसऱ्या दिवशीं ते पान तसेंच सारून उठतात. घरच्यांचा जीव कळवळतो. सूनबाई म्हणते, "मामंजी, लोणच्याची एवढीशी फोड घ्या, एका फोडीनें काय होणार आहे?" हें म्हणणें प्रेमाचें असतें. पण दुपारची एक फोड, रात्रीचा एक पापड आणि चहाबरोबरची मूठभर शेव यांची बेरीज कोणी करीत नाहीं. ती कांटा करतो. अशा रोग्याचें वजन रोज सकाळीं लघवीस जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं, सारख्याच कपड्यांत, एकाच कांट्यावर घेऊन वहींत लिहावें. तीन दिवसांत तें दोन किलोंहून अधिक वाढलें, तर श्वास कोंडण्याची वाट न पाहतां डॉक्टरांना कळवावें.

जीभ अळणी अन्न स्वीकारीत नाहीं ही अडचण खरी आहे. पण ती कायमची नाहीं. मीठ हळूहळू कमी करीत गेलें, तर कांहीं आठवड्यांनीं जिभेला तेवढ्याची संवय होते, आणि पूर्वींची आमटी खारट लागूं लागते. तोंवर लिंबू, आमसूल, जिरें, आलें, कोथिंबीर यांनीं जेवणास रुचि आणावी. सैंधव आणि पादेलोण यांतही मुख्य भाग त्याच मिठाचा असतो, हें विसरूं नये. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतें. बाजारांत कमी सोडियमचें म्हणून जें मीठ मिळतें त्यांत बहुधा पोटॅशियमचा क्षार घातलेला असतो. निरोगी मूत्रपिंडास तें चालतें. पण ज्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आहेत त्यांना तें घातक ठरूं शकतें, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घरांत आणूं नये.

याचा अर्थ मीठ हें विष आहे असा मात्र नव्हे. लंडनमध्यें १९३० नंतरच्या दशकांत रॉबर्ट मॅकॅन्स यांनीं स्वयंसेवकांना मीठविरहित अन्नावर ठेवून व घाम गाळावयास लावून त्यांच्या शरीरांतील मीठ काढून घेतलें. त्यांचीं वजनें उतरलीं खरीं, परंतु त्याबरोबर अन्नाची चव गेली, पायांत गोळे येऊं लागले, आणि लहानसहान श्रमांनींही थकवा येऊं लागला. जें उतरलें तें मुख्यतः पाणी होतें. आणि जो नियम सूज आणतो तोच प्राणही वांचवितो. १९७१ सालीं बंगालमध्यें बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें होतें. डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यांत कालवून रोग्यांना प्यावयास दिलें. ग्लुकोज आतड्यांतून आंत जातांना सोडियमला बरोबर नेतें, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण ४ च्या आंत आलें.

शेवटीं, वजन घटविण्याच्या हौसेविषयीं दोन शब्द. उपवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन भराभर उतरतें. यकृतांत व स्नायूंत सांठविलेली पिष्टशर्करा खर्च होते. तिच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी असतें, तें मोकळें होतें, आणि मूत्रपिंडेंही अधिक मीठ सोडूं लागतात. पारणें फिटलें कीं तेंच पाणी परत येतें. लघवी वाढविण्याच्या गोळ्या घेऊन बारीक होऊं पाहणारे याच भ्रमांत असतात. त्यांनीं पाणी, सोडियम आणि पोटॅशियम जातें, चरबी गुंजभरही जात नाहीं. आणि पोटॅशियम फार घटलें तर हृदयाची लय बिघडते. चरबी कमी करण्यास कमी खाणें व अधिक हिंडणें याखेरीज सोपी वाट नाहीं, आणि तिचें फळ आठवड्या-महिन्यांच्या मापानेंच मोजावें लागतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ मनुष्यास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरेसें ठरविलें आहे. त्यांत स्वयंपाकांतील, पानावरील आणि पुडींत बंद होऊन आलेल्या खाऊमधील असें सर्व मीठ आलें. घरांत माणसें किती आणि महिन्याला मीठ किती संपतें, हा भागाकार कोणत्याही गृहिणीस करतां येण्यासारखा आहे. तो एकदां करून पाहावा, आणि उत्तर मोठें आलें, तर पानावरच्या मिठापासूनच आरंभ करावा.